चेरीचा चीक

आयुष्यातली बरीच वर्षं मी चेरी करत होतो. चेरी चाखली मात्र पहिल्यांदा या मे महिन्यात, तीही बिअरमध्ये.

आमची केतकी पुण्याला एका छोट्या ब्रुअरीत कामाला आहे. बिअर चाखायची आणि ती कशी लागते ते शब्दांत सांगायचं, हे तिचं काम. असल्या कामाला पगार मिळतो हे तिच्या आईला अजून पटलेलं नाही. यंदा सुट्टीला आली ती दोन बाटल्या घेऊन. ओल्या टॉवेलात गुंडाळून, अंगावरचं मूल आणावं तशी. म्हणाली, बाबा, ही काळी बिअर, हिला स्टाउट म्हणतात, आणि यात चेऱ्या मुरवल्यात. तुम्ही चेरीवाले, तुमच्याशिवाय कुणाला विचारू? आमची ही आतून म्हणाली, बापलेकीनं काय ते मागच्या पडवीत करा, मला वास नको. म्हणून आम्ही मागच्या पडवीत बसलो. शहापूरची मे महिन्यातली दुपार. रस्त्याचा आवाजसुद्धा उन्हानं सुकून गेल्यासारखा वाटत होता. मी ग्लास उचलला, तर केतकीनं मनगट धरलं. एकदम प्यायची नाही म्हणाली. आधी बघायची.

बघितली. काळी होती. पण ग्लास उजेडाकडे धरला तर कडेला तांबूस, जांभळट झाक. पिकलं करवंद दोन बोटांत दाबलं की नखाच्या कडेला जो रंग उरतो, तो. वरचा फेस गुळाच्या काहिलीवर येतो तसा, दाट आणि तपकिरी. मी म्हटलं, छान आहे. केतकी म्हणाली, छान हा शब्द आमच्याकडे चालत नाही.

मग वास. नाक ग्लासात घातलं आणि पहिल्यांदा आला तो राबाचा वास. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते जाळतात, त्याला राब म्हणतात. मुरबाडच्या बाजूला उन्हाळाभर कुठून ना कुठून तो धूर येतच असतो. कपड्यांत बसतो, केसांत बसतो. काळ्या बिअरमध्ये तो कसा आला असेल? केतकी म्हणाली, धान्य करपेपर्यंत भाजतात म्हणून. असेल. पण त्या करपल्या वासाच्या खाली आणखी एक वास होता, बदामाच्या सालीसारखा, आणि तो मात्र मी लगेच ओळखला. आमच्या कारखान्यात कोपऱ्यातल्या फळीवर एक तपकिरी बाटली असे. चेरीचा इसेन्स. पाक निवत आला की त्यातले थेंब टाकायचे. इतकी वर्षं माझी खात्री होती की त्या कारखान्यात सगळ्यात खोटी वस्तू म्हणजे ती बाटली. आणि आता केतकी सांगत होती की खऱ्या चेरीच्या बीला अगदी हाच वास असतो.

मी ग्लास खाली ठेवला. पहिला घोट घ्यायच्या आधी मला थोडं थांबावंसं वाटलं.

आमच्या चेरीत चेरी नव्हती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. केकवरची, पानातली, आइस्क्रीमवरची ती लाल गोटी म्हणजे करवंद. कच्चं, हिरवं, दगडासारखं टणक असतानाच खुडलेलं. ते मिठाच्या पाण्यात पिंपात मुरवायचं म्हणजे त्याचा आंबटपणा जातो. गंधकाच्या पाण्यात ठेवायचं म्हणजे रंग जातो. दाभणानं टोचून बी काढायचं. आता ते पांढरंफटक, बिनवासाचं, बिनचवीचं झालं की त्याला लाल रंग द्यायचा आणि साखरेच्या पाकात रोज थोडं थोडं गोड करत न्यायचं. म्हणजे आधी करवंदाचं जे जे होतं ते काढून घ्यायचं, मग आपल्याला हवं ते भरायचं. मुरबाडच्या बाहेर म्हसा गावाच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये हे चाले. मी तिथे पाक बघायचो, आणि हंगामात माल गोळा करायला वाड्यावाड्यांवर फिरायचो. मालक मुंबईला. मी साधा नोकर, पण वाड्यांवर सगळे मला शेट म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. नंतर सोडून दिलं, आणि नंतर आवडायला लागलं. म्हशाच्या जत्रेत पानाच्या टपरीवर आपली चेरी दिसली की छाती फुगायची. शेजारी कोण उभं असेल त्याला सांगायचो, ही आमची.

कच्चं करवंद खुडताना सगळ्यात त्रास कशाचा, तर चिकाचा. काट्यांचा नाही, काटे कळतात. देठ तुटला की पांढरा दुधासारखा थेंब येतो, आणि तो हाताला लागला की थोड्या वेळानं काळा पडतो. बोटं एकमेकांना चिकटतात. पाण्यानं धुवाल तर आणखी घट्ट बसतो. पाण्याला न जुमानणारा असा डाग मी दुसरा पाहिला नाही. बाया त्यासाठी मोहाच्या बियांचं तेल बाटलीत घेऊन यायच्या. काम संपलं की हातावर तेल, मग माती, मग पाणी.

"प्या आता," केतकी म्हणाली. "जिभेवर धरा, लगेच गिळू नका."

जिभेवर धरली. आधी कडू. तवलीच्या बुडाला लागलेली भाताची खरवड खरवडून चघळावी तसं कडू, आणि त्यातच कुठेतरी गोडसरही. मग दाढांच्या बाजूनं आंबट आलं, हळूच, चोरासारखं. मग दोन्ही मिळून मऊ झालं. ही चव मला नवी होती, तरी ओळखीची. पिकलं करवंद आणि विझलेला राब एकाच घासात खाल्ल्यासारखी. केतकीला मी तसं सांगितलं तर ती हरखली. म्हणाली, बाबा, हे असं कुणीच सांगत नाही, बोला, बोला. आणि गिळल्यावर? गिळल्यावर मागं काय राहतं?

मी गिळली. वाट पाहिली. आणि टाळूला, हिरड्यांना, ओठांच्या आतल्या बाजूला ते आलं. तुरट. ओढून घेणारं. ओठ एकमेकांना किंचित चिकटावेत असं.

"तुरट," मी म्हटलं.

तुरट छान आहे, असं ती म्हणाली. तुरट लेबलवर घालता येईल. पुढचं मी तिला सांगितलं नाही. मुलीच्या हौशीवर पाणी कशाला ओतायचं, असं मनाशी म्हटलं. पण हे कारण मी पूर्वीही वापरलेलं आहे, वेगवेगळ्या माणसांसाठी. बोलायचं नसलं की मला नेहमी दुसऱ्या कुणाची तरी काळजी वाटते.

तर तो हंगाम. केतकी तेव्हा बालवाडीत होती.

म्हशाच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत ठाकरांची एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. त्या वाडीतली बुधी माझी माल गोळा करणारी. नवरा लवकर गेलेला, अंगानं शेलाटी, तोंडानं तिखट. बायांना उठवायची, जाळ्या वाटून द्यायची, पोती भरून घ्यायची. करवंदीच्या झुडपाला जाळी म्हणतात आणि ती खरोखरच जाळी असते, आत शिरलेला हात रक्ताशिवाय बाहेर येत नाही. बुधीमुळे ती वाडी ‘चेरीला’ यायला लागली. चेरीला जाणं, असंच म्हणत. भाताला जातात, वीटभट्टीला जातात, तसं चेरीला.

या वाडीत एक रीत आहे. उन्हाळ्यातलं नवं फळ आधी देवाला दाखवल्याशिवाय कुणी खायचं नाही. करवंद नाही, आंबा नाही, जांभूळ नाही. वाडीच्या वर ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. त्याच्या लगत एक जुनी करवंदीची जाळी, ती देवाची जाळी. तिची पहिली पिकली करवंदं पळसाच्या पानावर घालून त्या दगडापुढे ठेवायची. मग बाकीच्यांनी तोंड उघडायचं. याला ‘नवं करणं’ म्हणतात. आणि ते पान ठेवायचा मान एका घराच्या बायकांचा. सासूनं सुनेला द्यायचा. तो बुधीच्या घराचा होता. तिच्या सासूनं मरायच्या आधल्या उन्हाळ्यात सगळ्यांसमोर पान तिच्या हातात दिलं, हे ती मला कितीदा तरी सांगायची. घरात दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही कच्ची करवंदं खुडू लागलो तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्यांनी हरकत घेतली होती. नव्याच्या आधीच फळाला हात कसा लावता? मी त्यांना समजावलं की अहो, हे करवंद कुठं आहे, ही तर चेरी. कच्चं म्हणजे अजून फळच नाही. खायचंही नाही तुम्हाला. माझी जीभ तेव्हा फार चालायची. बुधीनं मध्यस्थी केली. ती म्हणाली, डोंगरावरच्या सगळ्या जाळ्या शेटला देऊ, पण देवाच्या जाळीला कुणी शिवणार नाय, ती माझ्या अंगावर. माझ्याकडून तिनं तसा शब्द घेतला आणि वाडीला स्वतःचा दिला.

त्या उन्हाळ्यात माल कमी पडला. मालकाचा मुंबईहून निरोपावर निरोप. शेवटच्या गाडीच्या दिवशी पोती भरेनात. डोंगर आम्ही खालपासून वरपर्यंत ओरबाडला होता. भर दुपारी बाया पाण्याला खाली झऱ्यावर गेल्या, वाडी सावलीला निजली, आणि मी वजनकाट्यापाशी एकटा बसलो होतो. समोर ऐनाचं झाड. त्याखाली ती जाळी, हिरव्या गोट्यांनी लगडलेली, काही करवंदं लालसर पडायला लागलेली. मी बराच वेळ तिच्याकडे न बघता बसलो. मग उठलो. मी तोवर कधीही स्वतः कच्चं करवंद खुडलं नव्हतं. खुडायचं कसं तेही धड ठाऊक नव्हतं. फांद्या वाकवल्या, ओरबाडलं, पंच्यात भरलं, आणि कुणाच्या पोत्यात टाकायचं ते न बघता समोरच्या पोत्यात टाकलं. त्यात एक-दोन करवंदं अर्धी पिकलेली होती. ती मी खाल्ली. हेसुद्धा आज सांगून टाकतो. देवाच्या आधी मी खाल्ली.

बाया वर आल्या. बुधी पोती शिवायला बसली आणि मी सुतळी पुढे केली, तर माझी बोटं सुटेनात. चीक वाळला होता. बुधीनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग कमरेची तेलाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "पाण्यानं नाय जायचा," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा पोत्याकडे वळली. जाळीची गोष्ट तेव्हा कुणालाच कळलेली नव्हती.

कळली ती गाडी भरताना. कुणीतरी वर गेलं आणि ओरडतच खाली आलं. वाडी जमली. सगळ्यांनी बुधीकडे पाहिलं. तिनं सांगितलं, मी नाय. तिच्या चुलत दिरानं विचारलं, मंग देवानं खाल्ली काय? लोक हसले, आणि ते हसणं वाईट होतं. तिच्या हातांवर दिवसभराचा चीक होताच. सगळ्याच बायांच्या हातांवर होता. मग वाडीतला सगळ्यात जुना म्हातारा माझ्याकडे वळला.

"शेट, तू वर काट्याशीच बसलेला. तुला काय दिसला का?"

माझे हात खिशात होते. तेलानं ओशट झालेले.

"मी तर खाली गाडी बघायला गेलो होतो," मी म्हणालो.

बुधी माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. उन्हात लांबचं काही दिसतंय का म्हणून बघतात तशी. मग तिनं मान फिरवली आणि उरलेलं पोतं उचलून गाडीकडे गेली.

त्या वर्षी वाडीत नवं झालं नाही. देवाच्या पानावर घालायला पिकलं करवंदच नव्हतं, सगळा डोंगर आमच्या पिंपांत होता. आंबे पडले, जांभळं पडली, आणि मोठी माणसं त्यांच्यावरून चालत गेली. पोरांनी चोरून खाल्लं असेल. जांभळाची जीभ लपवता येत नाही, पण त्या वर्षी कुणी पोरांना जीभ दाखव म्हटलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून पानाचा मान बुधीच्या चुलत दिराच्या घरी गेला. मी आणखी काही हंगाम वाडीवर जात राहिलो. बुधी माल आणायची, काट्यावर ठेवायची, जायची. तिखट तोंड गेलं. मला ती शेटच म्हणायची, पण आता त्यात थट्टा नव्हती.

पुढे कारखाना बंद पडला. मी शहापूरला आलो, बेकऱ्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात बसू लागलो. मैदा, डालडा, बेकिंग पावडर, आणि बरण्यांतून लाल चेरी. कुणीतरी कुठेतरी अजून करतंच आहे. बरणी पुसताना मी लेबल बाहेरच्या बाजूला वळवतो आणि पुढे सरकतो. अपराध जुना झाला की टोचत नाही, नुसता थकवतो. जिना चढताना हातात पिशवी आहे हे विसरायला व्हावं आणि दम मात्र लागावा, तसं. मी घरात कमी बोलणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. ही पाहुण्यांना सांगते, यांचा स्वभावच शांत. मी ऐकून घेतो.

केतकी पुण्याला परत गेली, दुसरी बाटली ठेवून. बाबा, सावकाश घ्या, आणि काही सुचलं तर फोन करा म्हणाली. बाटली फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी पडून राहिली. कोथिंबीर काढताना हिचा हात लागायचा आणि ही पुटपुटायची. एका सकाळी मी ती ओल्या पंच्यात गुंडाळली आणि किन्हवलीमार्गे मुरबाड, तिथून म्हसा, तिथून पुढे जीपनं निघालो. हिला सांगितलं, जुन्या कामाच्या माणसाकडे जाऊन येतो. खरंच होतं.

रस्ता रुंद झालाय. डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊसच्या कुंपणाच्या तारा आल्यात. वाडीत पत्रे आलेत, काही घरांवर डिश. बुधी दारातल्या मांडवाखाली मोहाच्या बिया फोडत बसली होती. केस पांढरे, एक गुडघा फडक्यानं बांधलेला. मी समोर जाऊन उभा राहिलो तर तिनं आधी माझ्या पायांकडे, मग तोंडाकडे पाहिलं.

"चेरीवाला," ती म्हणाली. "जिता हायस का रे?"

आहे म्हटलं. बस म्हणाली. मी बाटली काढली. वाटेत ती कोमट होऊन गेली होती. हे काय म्हणून तिनं विचारलं तर सांगितलं, पोरीनं दिलीय, दारूच आहे, पण चेरीची. तिच्या सांगण्यावरून मी आतून दोन फुलपात्रं आणली. तिनं एक हातात घेतलं, आधी बोट बुडवून जमिनीवर थेंब सोडले, गेलेल्यांसाठी, मग एक घोट घेतला. तोंडात फिरवला. केतकीनं मला शिकवलं होतं अगदी तसा.

"राबातली राख धुवून काढली जशी," ती म्हणाली. "आनि चेरी कुठं यात?"

"आहे. खरी आहे."

"खरी कशाला आनली? खोटी आपन काय कमी केली?" आणि ती हसली. खाली दोनच दात उरले होते. इतक्या वर्षांनी तिचं तिखट तोंड ऐकून मला एकाएकी बसवेना. वाटलं, आता उठावं आणि जावं. एवढं हसणं मिळालं, पुरे. पण तुरटपणा ओठांवर यायला लागला होता. गिळून झाल्यावर जे मागं राहतं ते.

"बुधीबाय," मी म्हटलं, "देवाची जाळी मी खुडली होती."

ती बी फोडत राहिली. दगड उचलायची, ठेवायची. थोड्या वेळानं म्हणाली, "मला काय सांगतो? तेल मीच दिला होता."

मी विचारलं, मग तेव्हा का बोलली नाहीस. ते तिनं फार तुटक तुटक सांगितलं. तिनं माझं नाव घेतलं असतं तर वाडीनं मला हाकललं असतं, गाडी परत आली नसती, आणि बाया पुन्हा वीटभट्टीला गेल्या असत्या, पोरं काखोटीला मारून. त्या तिच्याकडे बघत होत्या. आणि तिला वाटलं होतं, हा आपणहून सांगेल. आज नाय तर उद्याला. माणूस वाईट नाय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिनं वाट बघितली. मग सोडून दिली.

माणूस वाईट नाही. हे तिनं शिवी दिल्यासारखं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी साधं म्हणाली.

मी काहीतरी बोलू लागलो, माफीचं असावं. तिनं हातातला दगड वर करून मला थांबवलं आणि हनुवटीनं ऐनाच्या बाजूला खूण केली. "तिकडं सांग. सोमवारी नवं हाय."

सोमवारी मी पुन्हा गेलो. कुणाला न सांगता नव्हे, या खेपेस हिला सगळं सांगून. ऐकून ही म्हणाली, जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. नारळ दिला.

ऐनाखाली फार लोक नव्हते. निम्मी वाडी कामाला पांगलेली. पोरं मोबाईल घेऊन, काही बाया, बुधीच्या चुलत दिराची सून पान घेऊन तयार. तो दीर गेला. ज्यानं मला विचारलं होतं तो म्हातारा तर केव्हाच गेला. आता त्याचा धाकटा भाऊ वाडीतला सगळ्यात जुना म्हातारा आहे आणि त्याला ऐकू कमी येतं. इतकी वर्षं मी हे वाक्य मनात घोळवलं होतं, पण ते मोठ्यानं, ओरडून सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

"काय म्हनतो?" म्हातारा म्हणाला.

"देवाची जाळी मी खुडली होती. बुधीनं नाही."

"मोठ्यानं बोल."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा, आणखी मोठ्यानं. तिसऱ्यांदा एका पोरीनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना कुठली गोष्ट तेच कळत नव्हतं. ते एकमेकांना विचारू लागले. एक तरुण पोरगा हसून म्हणाला, "म्हंजी शेट, तुमी चोर?" हो म्हटलं. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो खाली बघू लागला. मला वाटलं होतं कुणी अंगावर येईल, शिवी देईल, निदान थुंकेल. पण शिव्या देणारे सगळे वारले होते. मी इतका उशीर केला होता की मला दोष द्यायलाही माणसं उरली नव्हती.

म्हातारा म्हणाला, असं हाय तर पान बुधीचं. चुलत दिराच्या सुनेनं तोंडातून शब्द न काढता पान पुढे केलं. हे मी तिच्या नावावर लिहून ठेवतो. बुधीनं ते दोन्ही हातांत घेतलं. पळसाचं ताजं पान, त्यावर मूठभर काळी करवंदं. ती दगडापर्यंत गेली, आणि वाकायला लागली. फडक्यानं बांधलेला गुडघा वाकेना. पुन्हा प्रयत्न केला. दोघीजणी तिला धरायला पुढे झाल्या, तर तिनं कोपरानं त्यांना मागे सारलं. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, पान हातात घेऊन, दगडाकडे बघत. मोबाईलवाल्या पोरांनीही मोबाईल खाली केले.

मग ती वळली आणि पान त्या सुनेला परत दिलं.

"ठेव गो तूच," ती म्हणाली. "माझ्यानं वाकवत नाय आता. मी बघते."

सुनेनं वाकून पान ठेवलं. बुधी बघत होती.

नवं झालं, मग करवंदं वाटली. बुधीनं आपल्या मुठीतलं एक मला दिलं. लहानपणी आम्ही करवंद अर्धं चावून आत बघायचो. लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी, आणि पैज. ती म्हणाली, "बघ, काय निघाला." मी बघितलं. लाल होतं. कोंबडा म्हटलं. बरं म्हणाली, आणि काठी टेकत खाली उतरायला लागली. तिनं मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. तिनं तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. जीपची वेळ झाली होती.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. लेबलवर काय लिहू, मागं काय राहतं म्हणून विचारू लागली. मी तिला सगळंच सांगितलं. ती लेबलचं विसरली. हळूच म्हणाली, बाबा, त्यांना बिअर आवडली का? राबातली राख धुतल्यासारखी लागली म्हटलं. हे मी लिहिणार, असं ती म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

पिकल्या करवंदालाही देठाशी थेंबभर चीक असतोच. तो माझ्या ओठांवर वाळला होता. बोलताना ओठ चिकटत होते, सुटत होते. हिनं पाहिलं आणि खोबरेल तेलाची बाटली आणून समोर ठेवली. पाण्यानं जायचा नाही, हे तिलाही ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात घरी आल्यावर माझे काळे पडलेले हात तिनंच पाहिले होते.

राहू दे, म्हटलं.